वाचक विचारतात : केटे कोल्विट्स यांच्या वह्या आणि आत्याची ट्रंक

गेल्या अंकात जर्मन चित्रकार आणि मुद्राचित्रकार केटे कोल्विट्स (१८६७–१९४५) यांचे ‘मृत मूल घेतलेली स्त्री’ हे १९०३ सालचे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेली छाप, आम्ही छापले होते. त्यांच्या दैनंदिनीच्या वह्या बर्लिनच्या कला अकादमीच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत, एवढी एकच ओळ चित्राखाली दिली होती. आलेली बहुतेक पत्रे चित्राविषयी नसून त्या ओळीविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : कोल्विट्स यांचे सगळे कागद बर्लिनला एकत्र आहेत का? युद्धात त्यांतले काही गेले नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बरेच गेले. १८९१ मध्ये डॉ. कार्ल कोल्विट्स यांच्याशी विवाह झाल्यावर त्या बर्लिनच्या उत्तरेकडील कामगारवस्तीत राहायला आल्या आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्याच घरात राहिल्या. कार्ल यांचा दवाखाना तिथेच होता आणि त्या दवाखान्यात येणाऱ्या बायका हा त्यांच्या चित्रांचा एक मोठा आधार होता. कार्ल १९४० मध्ये वारले. १९४३ च्या उन्हाळ्यात, हवाई हल्ल्यांच्या भीतीने, कोल्विट्स नॉर्डहाउझेनला हलल्या आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला बर्लिनचे घर बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. त्यात पत्रे, छायाचित्रे, छापील चित्रे असे पुष्कळ काही जळाले. पुढे त्या ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्गला गेल्या आणि २२ एप्रिल १९४५ रोजी तिथेच वारल्या. त्यानंतर सोळा दिवसांनी जर्मनीने शरणागती पत्करली.

दैनंदिनी मात्र वाचली. सप्टेंबर १९०८ पासून मे १९४३ पर्यंतच्या नोंदी तिच्यात आहेत. थोरला मुलगा हान्स याला लिहिलेली पत्रेही वाचली, कारण ती हान्सकडे होती. व्यक्तिगत कागदांविषयी बोलताना हे हमखास विसरले जाते की पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही. ज्याला लिहिले त्याच्याकडे राहते. म्हणून कुणाही कलावंताची पत्रे शोधायची तर त्याच्या मित्रांची घरे शोधावी लागतात. बेआटे बोनुस-येप या त्यांच्या शिक्षणाच्या काळापासूनच्या मैत्रीण. साठ वर्षांच्या या स्नेहाविषयीचे त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले आणि जळालेल्या घरात जे सापडले नसते असे पुष्कळ काही त्यातून कळले.

मुद्राचित्रांचे तसेच. धातूच्या एका पत्र्यावरून वा एका शिळेवरून अनेक छापा निघतात आणि त्या गावोगाव पांगतात, त्यामुळे एक घर जळाल्याने चित्र संपत नाही. ड्रेस्डेनच्या मुद्राचित्र-संग्रहाने, माक्स लेर्स यांच्या पुढाकाराने, १८९८ पासूनच त्यांची चित्रे घ्यायला सुरुवात केली होती. १९८५ मध्ये कोलोनला आणि १९८६ मध्ये बर्लिनला त्यांच्या नावाची संग्रहालये उघडली.

वह्या ज्या अकादमीत आहेत तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. ती ज्या प्रशियन कला अकादमीची वारस आहे, तिच्यावर कोल्विट्स १९१९ मध्ये निवडल्या गेल्या. आधुनिक काळात तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाझींविरुद्ध समाजवादी व कम्युनिस्ट पक्षांनी एकत्र यावे असे आवाहन करणाऱ्या पत्रकावर त्यांनी सही केली आणि त्याच अकादमीने त्यांना राजीनामा द्यायला लावला. आज त्यांचे कागद सांभाळण्याचे काम तिच्याच वारसाकडे आहे.

प्रश्न : मी कलामहाविद्यालयात शिकतो. चित्र समोर असताना डायरी आणि पत्रे वाचण्याचा आग्रह का? चित्र स्वतः बोलत नसेल तर ते चित्र कसले? डायरी वाचून पाहिलेले चित्र हे चरित्राचे चित्र होते, असे मला वाटते. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमच्या आक्षेपात तथ्य आहे आणि कोल्विट्स यांच्याबाबतीत तर ते अधिकच आहे. त्यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक आई-मुलाच्या चित्राखाली लोक हा मृत्यू लिहून मोकळे होतात. गेल्या अंकातले एचिंग पाहून आमच्याही एका वाचकाने तसेच लिहिले आहे. ते चित्र १९०३ चे, म्हणजे पेटरच्या मृत्यूच्या अकरा वर्षे आधीचे. उलट त्या चित्रातल्या मृत मुलासाठी सात वर्षांचा जिवंत पेटरच आईच्या मांडीवर होता. आरशात पाहून, त्याला हातावर तोलत त्या चित्र काढत होत्या, श्रमाने कण्हल्या, तेव्हा ‘आई, गप्प राहा, चित्र छान होणार आहे’ अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. हे आपल्याला कळते ते त्यांच्याच एका पत्रातून. म्हणजे चरित्र चित्रावर लादण्याची जी खोड तुम्हाला खुपते, तिच्यावरचा उताराही कागदांतच सापडतो.

याहून नेमके उदाहरण द्यायचे तर ‘बियाणे दळायचे नसते’ या त्यांच्या शेवटच्या मोठ्या शिळाछाप चित्राचे द्यावे लागेल. एक वृद्ध स्त्री आपल्या बाहूंच्या छपराखाली तीन पोरांना दाबून धरते आहे आणि पोरे त्या छपराखालून बाहेर डोकावत आहेत, असे ते चित्र आहे. पेटरचेच नाव ठेवलेला त्यांचा नातू सप्टेंबर १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर मारला गेला. चित्राचे साल बरीच वर्षे १९४२ असे दिले जाई आणि त्यामुळे आजीच्या शोकातून ते निर्माण झाले, अशी गोष्ट आपोआप जुळे. पण डिसेंबर १९४१ च्या दैनंदिनीत त्या चित्राची नोंद आहे. बर्लिनची खरीखुरी पोरे, तरण्या घोड्यांसारखी बाहेरचा वास घेणारी, आणि त्यांना रोखून धरणारी बाई, असे त्यांनी स्वतःच वर्णन केले आहे. नातू तेव्हा जिवंत होता. नोंद वाचल्यावर चित्र शोकाचे उरत नाही. ते अडवण्याचे, बजावण्याचे चित्र होते, आणि बजावूनही जे व्हायचे ते नऊ महिन्यांनी झाले. ‘बियाणे दळायचे नसते’ हे वाक्यही त्यांना १९४१ मध्ये अचानक सुचलेले नाही. ते गोएथेचे. ऑक्टोबर १९१८ मध्ये, हरलेल्या युद्धासाठी आणखी स्वयंसेवक मागणाऱ्या कवी रिचर्ड डेमेल यांना वृत्तपत्रातून जाहीर उत्तर देताना त्यांनी ते वापरले होते. एका वाक्याचा तेवीस वर्षांचा प्रवास चित्र पाहून कुणाला कसा कळावा? आपल्याकडे, बेण्याचे दाणे उपासमारीतही जात्यात घालायचे नाहीत हे ज्या घरांत पाळले जाई, त्या घरांतल्या माणसांना या शीर्षकाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

तुम्ही मुद्राचित्रण शिकत असाल तर लीबक्नेष्ट यांच्या स्मृतिचित्राविषयीच्या नोंदी जरूर वाचा. १५ जानेवारी १९१९ रोजी जर्मन कम्युनिस्ट नेते कार्ल लीबक्नेष्ट यांची हत्या झाली आणि दहा दिवसांनी, अंत्यसंस्काराच्या दिवशी, कुटुंबीयांच्या विनंतीवरून कोल्विट्स यांनी शवागारात जाऊन त्यांची रेखाटने केली. पुढचे दीड वर्ष त्या या एका चित्राशी झुंजत राहिल्या. आधी एचिंग करून पाहिले, ते फसले. मग शिळाछाप करून पाहिली, तीही मनासारखी होईना. जून १९२० मध्ये एका प्रदर्शनात शिल्पकार एर्न्स्ट बार्लाख यांचे लाकडी ठसे त्यांनी पाहिले आणि आपणही लाकडाकडे वळावे का, हा प्रश्न दैनंदिनीत उतरला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एचिंगमध्ये नाव मिळवून झाल्यावर, त्या नव्या माध्यमाच्या विद्यार्थिनी झाल्या. १९२१-२२ मधली ‘युद्ध’ ही सात लाकडी ठशांची मालिका त्या वळणाशिवाय झाली नसती. शिवाय १९२० मध्येच त्यांनी असेही नोंदवले आहे की लीबक्नेष्ट यांचे राजकारण आपल्याला मान्य नाही, पण कामगारांनी त्यांना दिलेल्या निरोपातली भावना चित्रात आणण्याचा हक्क कलावंत म्हणून आपल्याला आहे. चित्रात हे वाक्य दिसत नाही. दिसण्याची गरजही नाही. पण कोल्विट्स यांना एखाद्या पक्षाच्या चित्रकार ठरवणाऱ्यांनी ते वाचलेले बरे.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट, आणि तीही त्यांचीच. १९२५ च्या अखेरीस त्या आपल्या जुन्या वह्या वाचत बसल्या आणि खिन्न झाल्या. कारण त्यांच्या लक्षात आले की जगणे अडले, तुंबले, तेव्हाच आपण लिहिले. सगळे सुरळीत होते तेव्हा क्वचितच वही उघडली. दैनंदिनी किती अर्धे सत्य सांगते, हे त्यांना ती वाचताना जाणवले. आमच्या मते व्यक्तिगत कागद कसे वाचावेत याचा याहून चांगला धडा नाही. ज्या दिवसांत हात चालू होता त्या दिवसांची साक्ष वहीत नसते. ती कच्च्या छापांत असते. पत्रा आम्लातून काढून घेतलेली पहिली फिकट छाप, तिच्यावर कोळशाने वा खडूने केलेल्या दुरुस्त्या, पुन्हा छाप, पुन्हा दुरुस्ती. त्यांची २७५ मुद्राचित्रे सूचीत नोंदली गेली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या अशा अनेक अवस्था उरल्या आहेत. तेही ‘कागद’च आहेत. वही आणि कच्ची छाप शेजारी ठेवली तर अर्ध्याला अर्धे मिळण्याची काही शक्यता असते. ग्रंथालयाने वह्या घेतल्या आणि संग्रहालयाने छापा घेतल्या की ती शक्यता कमी होते, आणि हे जगभर घडते.

प्रश्न : आईची खाजगी वही मुलाने छापावी, हे मला पटत नाही. आपण त्याचे कौतुक करता. (एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव)

उत्तर : कौतुक केले नव्हते, पण आक्षेप महत्त्वाचा आहे. हान्स यांनी १९४८ मध्ये निवडक नोंदी आणि पत्रे प्रसिद्ध केली. संपूर्ण दैनंदिनी १९८९ मध्ये हान्स यांच्या कन्या युटा बोन्के-कोल्विट्स यांनी संपादित केली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. मुलाने निवड करावी आणि नातीने सगळे खुले करावे, हा क्रम आम्हाला समंजस वाटतो. पहिल्या पिढीला माणसे ओळखीची असतात, त्यांची लाज राखायची असते. दुसऱ्या पिढीला कागद कागद म्हणून दिसू लागतात.

पण तुमचा प्रश्न काळाचा नाही, अधिकाराचा आहे. १० ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळची हकीकत वाचताना आम्हालाही अवघडल्यासारखे होते. पेटर वयाने लहान असल्याने सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी हवी होती. वडील नाही म्हणत होते. मुलाने आईकडे पाहिले, आणि आईने नवऱ्याकडे त्याच्यासाठी रदबदली केली. मग ३० ऑक्टोबरच्या नोंदीत ‘तुमचा मुलगा कामी आला’ एवढे एकच वाक्य येते. एवढे खाजगी दुःख परक्याने वाचावे का? पण त्यांनी ते स्वतः कधी लपवले नाही. त्या संध्याकाळचे देणे फेडायला त्यांनी डिसेंबर १९१४ मध्ये पेटरच्या स्मारकाचा विचार सुरू केला, १९१९ मध्ये काम सोडून दिले, काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले आणि १९३२ मध्ये बेल्जियममधल्या दफनभूमीत गुडघे टेकलेले आई-बाप पाषाणात उभे केले. आता ते बेल्जियममधल्याच फ्लाडस्लो येथे आहेत. ते शिल्प जाहीर जागी ठेवलेले आहे. वही वाचल्याने त्याच्यातला बाप आणि आई वेगवेगळे का बसले आहेत, एकमेकांना स्पर्श का करत नाहीत, याचा विचार वाचकाच्या मनात येतो. तेवढ्यापुरता हा वाचनाचा हक्क आम्ही मानतो, त्याहून पुढे नाही.

शिवाय १९३६ मध्ये गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, अधिकारी घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेले, त्यानंतरही त्या वही लिहीत राहिल्या आणि तिच्यात त्या भेटीचाही उल्लेख आहे. ज्या काळात वही सापडणे धोक्याचे होते, त्या काळात ती फाडून न टाकणे हाही एक निर्णयच म्हणायचा.

प्रश्न : माझी आत्या चित्रकार होती, एचिंग आणि लिनोकट करी. तीन वर्षांपूर्वी ती गेली. लग्न केले नव्हते. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत वह्या, पत्रे, बिले, कात्रणे, अर्धवट छापा आणि तांब्या-जस्ताचे वीसेक पत्रे आहेत. पावसाळ्यापूर्वी सगळे बाहेर काढून, ऊन दाखवून, नको ते टाकून द्यावे असे घरचे म्हणतात. चुलतभावाचे म्हणणे, पत्र्यांवरून नव्या छापा काढून विकाव्यात. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रथम काहीही टाकू नका आणि ऊन दाखवू नका. गोधड्यांना ऊन मानवते, कागदाला नाही. त्याने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि शाई उडते. दमट वाटत असेल तर सावलीत, पंख्याच्या थेट झोतात न ठेवता, खोलीत मोकळा पसरा.

ट्रंक उघडाल तेव्हा कशालाही हात लावण्यापूर्वी वरून छायाचित्र घ्या, आणि प्रत्येक थर काढताना पुन्हा घ्या. आत्याने कुठल्या पत्राशेजारी कुठली छाप ठेवली होती, कुठल्या बिलात कुठले रेखाटन गुंडाळले होते, हा क्रम म्हणजे तिचेच शेवटचे बोलणे आहे. आपण हौसेने पत्रे एकीकडे, चित्रे एकीकडे, तारखेनुसार असे लावून टाकतो आणि तो क्रम कायमचा जातो. काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कागदाच्या मागच्या बाजूस, कोपऱ्यात लिहा. गंजलेल्या टाचण्या व क्लिपा हलक्या हाताने काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग तो निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्रांची कात्रणे इतर कागदांपासून वेगळी ठेवा, कारण त्यांतले आम्ल शेजारच्या कागदाला लागते. मात्र ती कुठे होती याची चिठ्ठी मूळ जागी राहू द्या. शक्य असेल तर आम्लरहित कागदाच्या पाकिटांत सगळे आडवे ठेवा. पाकिटे माळ्यावर किंवा पावसाची ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका. कसर आणि वाळवी दोन्ही तुमच्या भागात आहेत, तेव्हा दर दोन महिन्यांनी उघडून पाहणे हाच खरा उपाय.

तांब्या-जस्ताचे पत्रे कागदांच्या ट्रंकेत राहू देऊ नका. त्यांवर आम्लाचे अंश असतात, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जड पत्र्यांच्या कडा कागद कापतात. प्रत्येक पत्रा वेगळा गुंडाळून उभा ठेवा, आणि घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळा. ती चकाकी रेषेच्या जिवावर येते.

नको ते कुठले, हे ठरवणेच कठीण आहे. घरच्यांना बिले नको वाटतील. पण कागद कुठल्या दुकानातून आणला, शाई कुठली, पत्रा किती मिनिटे आम्लात ठेवला, हे आत्याने एखाद्या बिलाच्या पाठीवर लिहिले असण्याची शक्यता तिने ते वहीत लिहिले असण्यापेक्षा जास्त आहे. मुद्राचित्रकाराच्या हाताशी कामाच्या वेळी जो कागद असतो त्यावर तो लिहितो. नातेवाइकांची न पाठवलेली पत्रे सापडली तर तीही ठेवा. अलीगढला जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना (१९३७–२०२०) यांची पाकिस्तानातली बहीण राणी हिने त्यांना उर्दूत लिहिलेली पण कधीच टपालात न टाकलेली पत्रे पुढे त्यांच्या हाती आली. त्यांतूनच त्यांनी ‘घरची पत्रे’ अशा अर्थाच्या शीर्षकाची आठ मुद्राचित्रांची मालिका २००४ मध्ये केली.

मग हे कुठे द्यावे? घाई नको. आधी साधी यादी करा. राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी व्यक्तींचे कागद स्वीकारते. एशिया आर्ट अर्काइव्ह या संस्थेने बडोद्याच्या कलावंतांच्या, त्यांत मुद्राचित्रकार ज्योती भट्ट यांच्याही, खाजगी संग्रहांचे डिजिटल रूप करून अभ्यासकांना खुले केले आहे, म्हणजे मूळ कागद न देताही वाट निघते. कुठेही दिलेत तरी कच्च्या छापा आणि वह्या एकत्र राहतील अशी अट दानपत्रात लेखी घाला. जिवंत माणसांविषयीची पत्रे काही वर्षे बंद ठेवण्याची अटही घालता येते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आत्याला आलेल्या पत्रांचा कागद आज तुमच्या कुटुंबाचा आहे, पण त्यांतल्या मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याचा वा त्याच्या वारसांचा आहे; छापायची तर त्यांची परवानगी लागते. आत्याच्या स्वतःच्या कामाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्याप्रमाणे तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तिच्या वारसांकडे राहतो. तिच्या हयातीत प्रसिद्ध न झालेले लेखन आणि मुद्राचित्रे यांच्याबाबतीत ही साठ वर्षे पहिल्या प्रसिद्धीपासून मोजतात. तेव्हा मृत्युपत्र होते का आणि वारस कोण, हे आधी पाहा.

राहिला चुलतभावाचा प्रश्न. कोल्विट्स यांचे धातूचे पत्रे आधी ड्रेस्डेनच्या एमिल रिश्टर या प्रकाशकाकडे होते, १९३० नंतर ते अलेक्सांडर फोन डेर बेके यांच्याकडे गेले आणि कोल्विट्स यांच्या मृत्यूनंतरही त्यांवरून छापा निघत राहिल्या. परिणाम असा की आज तेच चित्र, एक त्यांनी स्वतः पाहून सही केलेले आणि एक कितीतरी वर्षांनी काढलेले, अशा दोन अगदी वेगळ्या वस्तू बाजारात आहेत आणि त्या ओळखायला कागदाचे, छापाच्या गडदपणाचे तज्ज्ञ लागतात. आत्याने पत्रा आडवी रेघ मारून रद्द केला असेल तर तिने उत्तर दिलेलेच आहे. नसेल, तरी तिच्या अर्धवट छापांशी ताडून पाहिल्याशिवाय तो पत्रा पुरा झाला होता की नाही हेच आपल्याला कळणार नाही. अभ्यासासाठी जाणत्या कारागिराकडून एखादी छाप काढायची झालीच तर तिच्या मागे ‘मृत्यूनंतरची छाप’ असे लिहून साल आणि कारागिराचे नाव घाला, आणि तिच्यावर आत्याची सही कुणीही करू नये. सध्या धातूचे पत्रे गुंडाळून ठेवा.